तिसरा थर काढला तर काय बिघडेल? अन्नाच्या पाकिटाची फिल्म आणि पेटंटचा इतिहास



घरात वेफर्सचं किंवा फरसाणाचं रिकामं पाकीट असेल तर ते आधी हातात घ्या. बाहेर छपाई, आत चांदीसारखी चकाकी, आणि वर-खाली बारीक रेघांचा दाबलेला पट्टा. तो पट्टा म्हणजे सील. एकच कागद वाटावा अशी ही वस्तू प्रत्यक्षात तीन, पाच, कधी सात-नऊ थरांची असते. छपाई धरणारा थर वेगळा, ऑक्सिजन अडवणारा वेगळा, आणि मशीनच्या गरम जबड्यात वितळून पाकीट बंद करणारा वेगळा.

माझ्या पीएचडीचा विषय याच्या आसपासचा आहे. दुसऱ्या वर्षाला असताना मी पाच थरांच्या एका फिल्मची रचना तयार केली. अशी रचना आधी कुणी केलेली नाही हे पेटंटच्या डेटाबेसमध्ये शोधून झालं होतं. मोठ्या उत्साहात विद्यापीठाचा फॉर्म भरला आणि गाइड मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "यातला तिसरा थर काढला तर काय बिघडेल?"

मी म्हटलं, "मॅडम, मग चार थर उरतील."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग आधी हे शोधून ये."

तो प्रश्न घेऊन मी पुढचे दोन महिने जुनी पेटंटं आणि कोर्टाचे निकाल वाचत बसलो. आपण सायन्सवाले निकालपत्रं वाचायला घाबरतो, पण खरं सांगतो, त्यातली बरीचशी आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलपेक्षा सोपी असतात. त्या वाचनातून मला जे कळलं ते इथे मांडतोय. माझ्या फिल्ममध्ये नेमकं काय आहे ते मात्र लिहिणार नाही. का, ते शेवटाकडे कळेल.

सुरुवात दाराच्या मुठीपासून

पेटंट मिळायला तीन चाळण्या पार कराव्या लागतात. शोध नवीन हवा, उद्योगात वापरता यायला हवा, आणि त्या क्षेत्रातल्या साधारण जाणकार माणसाला तो सहज सुचण्यासारखा नसावा. पहिल्या दोन चाळण्यांतून बहुतेक फिल्म्स निघून जातात. गाडी अडते ती तिसऱ्या चाळणीत. आपल्याकडे तिला 'इन्व्हेन्टिव्ह स्टेप' म्हणतात.

या चाळणीचा उगम सांगताना अमेरिकेतला १८५१ चा हॉचकिस विरुद्ध ग्रीनवुड हा खटला हमखास येतो. विषय होता दाराची मूठ. मूठ दांड्याला बसवायची पद्धत जुनीच, पण आधी ती धातूची किंवा लाकडाची असायची, पेटंटवाल्यांनी ती चिनी मातीची केली. मूठ स्वस्त झाली, टिकाऊ झाली. तरी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं. जुन्या पदार्थाच्या जागी जास्त चांगला पदार्थ घालणं हे कुशल कारागिराचं काम आहे, त्यात संशोधकाचं वेगळं काही नाही, असा त्याचा मथितार्थ.

आता ही मूठ तुमच्या फिल्मला लावून बघा. एका जातीच्या पॉलिथिनऐवजी दुसऱ्या जातीचं पॉलिथिन घातलं. एका नायलॉनऐवजी दुसरं नायलॉन घातलं. चार थरांचे पाच केले. आकडे थोडे सुधारले. तपासनीस विचारणार, "ही दाराची मूठ नाही कशावरून?"

सेलोफेन: मेणाचं एक अवघड कोडं

बहुथर प्लास्टिक फिल्मच्या पेटंटची गोष्ट प्लास्टिकच्या आधीपासून, सेलोफेनपासून सुरू होते. सेलोफेन म्हणजे लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून केलेली पारदर्शक फिल्म. जाक ब्रँडेनबर्गर या स्विस रसायनतज्ज्ञाला खरं तर डाग न पडणारा टेबलक्लॉथ करायचा होता. कापडावर व्हिस्कोजचा थर देऊन बघितला, जमलं नाही. पण तो थर सोलून निघाला आणि पारदर्शक होता. १९०८ पर्यंत त्याने अशी फिल्म बनवायचं यंत्र तयार केलं. पुढे ड्युपाँ कंपनीने अमेरिकेतले हक्क घेतले आणि १९२४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो इथे उत्पादन सुरू केलं.

फिल्म दिसायला सुंदर, पण एक मोठी खोट. पाणी तिच्यातून थेंबाने गळत नसे, वाफ मात्र आरपार जात असे. चॉकलेटच्या डब्यावर गुंडाळायला ती ठीक, पण केक तिच्यात सुकून जायचा आणि कुरकुरीत पदार्थ सादळायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर पावसाळ्यात चिवडा कागदाच्या पुडीत ठेवल्यासारखं.

हा प्रश्न सोडवायचं काम विल्यम हेल चार्च या तरुण रसायनतज्ज्ञाकडे आलं. वाफ अडवायला मेण चांगलं, हे तर सगळ्यांना माहीत होतं. मग अडचण काय? मेण फिल्मला नुसतं फासलं की ती धुरकट होते, हाताला तेलकट लागते आणि थर खरवडून निघतो. नायट्रोसेल्युलोजचं लॅकर चकचकीत बसतं, पण वाफ पुरेशी अडवत नाही. म्हणजे दोन्ही पदार्थ ओळखीचे, दोन्हींचे गुण माहीत, आणि दोन्ही एकेकटे कुचकामी.

चार्च आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० हून जास्त मिश्रणं करून बघितली. उत्तर निघालं ते चार घटकांचं: नायट्रोसेल्युलोज, थोडंसं मेण, मेणाला लॅकरमध्ये सामावून घेणारी राळ, आणि थर लवचीक ठेवणारा प्लास्टिसायझर. हा अतिशय पातळ थर सेलोफेनवर दिला की फिल्म पारदर्शकही राहते आणि वाफही अडते. १९२७ मध्ये हे साधलं आणि चार्च व कार्ल प्रिंडल यांच्या नावाने १९२९ मध्ये अमेरिकी पेटंट क्रमांक १७३७१८७ मिळालं.

इथे जरा थांबा. एकूण चार घटक, एकही नवीन नाही. तरी ही दाराची मूठ होत नाही. कारण मेण आणि लॅकर एकत्र आल्यावर दोघांच्या गुणांची नुसती बेरीज झाली नाही. बेरीज झाली असती तर धुरकट, तेलकट आणि अर्धवट वाफ अडवणारी फिल्म मिळाली असती. राळेमुळे मेणाचा दोष झाकला गेला आणि गुण टिकला. प्रत्येक घटक दुसऱ्याची अडचण सोडवतोय. राळ काढा, सगळं बिघडतं. मॅडमच्या प्रश्नाला चार्चकडे उत्तर होतं.

दुसरी एक गोष्ट वाचताना मला फार आवडली. त्या काळच्या ड्युपाँच्या पेटंटांमध्ये 'मॉइश्चरप्रूफ' हा शब्द मोघम सोडलेला नाही. अमुक तापमान, फिल्मच्या दोन्ही बाजूंना अमुक आर्द्रता, आणि १०० चौरस मीटरमधून तासाला जास्तीत जास्त इतके ग्रॅम पाणी, अशी व्याख्याच दिलेली आहे. शब्दाच्या मागे मोजमाप, आणि मोजायची पद्धतही सोबत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता सीलची पंचाईत. मेणाचा अंश असलेल्या थरावर साधा गोंद बसत नाही. पाकीट बंद कसं करायचं? मग उष्णतेने चिकटणारे लेप आले. लेप ओल्या मालावर फिल्मपासून सुटू लागले, तेव्हा लेप आणि फिल्म यांना धरून ठेवणारी 'अँकर' प्रक्रिया आली. सेलोफेनच्या व्यापारी प्रकारांना अक्षरांचे संकेत असत: एम म्हणजे मॉइश्चरप्रूफ, एस म्हणजे सील होणारं, ए म्हणजे अँकर केलेलं, टी म्हणजे ट्रान्सपरंट. 'एमएसएटी' हे नाव म्हणजे एकामागून एक सोडवलेल्या अडचणींची यादीच आहे. एक थर घातला की तो नवी अडचण आणतो, आणि पुढचा शोध बहुतेक वेळा त्या अडचणीत लपलेला असतो.

पेटंटची दुसरी बाजू

गोष्ट इथेच संपवली तर ती फार गोड होईल. १९३० मध्ये बेल्जियन कंपनीशी संबंधित सिल्व्हेनिया या कंपनीने अमेरिकेत सेलोफेन बनवायला घेतलं. ड्युपाँने तिच्यावर मॉइश्चरप्रूफ पेटंटचा खटला भरला. १९३३ मध्ये तडजोड झाली आणि सिल्व्हेनियाला लायसन्स मिळालं, पण ठरलेल्या वाट्यापेक्षा जास्त विक्री केली तर जबर जादा रॉयल्टी, अशी अट होती. एक पातळ थर, आणि त्याच्या जोरावर बाजारात कोण किती विकणार हे ठरत होतं.

१९४७ मध्ये अमेरिकी सरकारने ड्युपाँवर मक्तेदारीचा खटला भरला. देशातलं जवळजवळ ७५ टक्के सेलोफेन ही एकटी कंपनी बनवत होती. पण १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. सेलोफेनची स्पर्धा मेणकागद, ॲल्युमिनियम फॉइल, पॉलिथिन अशा सगळ्या लवचीक वेष्टनांशी आहे, आणि त्या मोठ्या बाजारात सेलोफेनचा वाटा २० टक्क्यांहूनही कमी आहे, असा बहुमताचा युक्तिवाद होता. अर्थशास्त्राचे विद्यार्थी हा खटला आजही वाचतात. आपण त्यातून एवढंच घेऊ: पेटंट हे शोधाचं बक्षीस आहे तसंच ते दुसऱ्याला अडवायचं हत्यारही आहे. म्हणून ते सहज मिळू नये असं कायद्याला वाटतं, आणि ते बरोबर आहे.

मांसाची पिशवी: क्रम बदलला आणि काम झालं

१९३३ मध्ये इंग्लंडमधल्या विनिंग्टन इथे आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉलिथिन सापडलं. वाफ चांगली अडवतं, कमी तापमानाला वितळून घट्ट सील होतं, पण ऑक्सिजनला वाट देतं. दुसरीकडे पीव्हीडीसी, म्हणजे सरान या नावाने ओळखलं जाणारं प्लास्टिक, ऑक्सिजनही उत्तम अडवतं. १९५० नंतरच्या बहुतेक फिल्म्सची कथा ही अशा जोड्या जमवण्याची आहे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बीफचा धंदा बदलत होता. अख्खं जनावर टांगून पाठवण्याऐवजी कत्तलखान्यातच तुकडे करून, निर्वात पिशवीत भरून, खोक्यातून पाठवायला सुरुवात झाली. त्यासाठी अशी पिशवी हवी होती जी ऑक्सिजन अडवेल, गरम पाण्यात आकसून मांसाला चिकटून बसेल आणि वाटेत फाटणार नाही.

डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीचं १९७३ चं पेटंट, क्रमांक ३७४१२५३, या पिशवीबद्दल आहे. तीन थर: ईव्हीए, पीव्हीडीसी, पुन्हा ईव्हीए. ईव्हीए म्हणजे इथिलीन आणि व्हिनाइल ॲसिटेटचं बहुवारिक. त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा केला की त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि ते मजबूत होतं, हे माहीत होतं. पीव्हीडीसी ऑक्सिजन अडवतं, हेही माहीत होतं. मग सरळ विचार काय सांगतो? तीन थर एकत्र करा आणि मारा करा. पण त्या माऱ्याने पीव्हीडीसी खराब होतं, त्याचा रंगही जातो.

उपाय असा: आधी फक्त पहिल्या ईव्हीए थराची नळी काढायची, तिच्यावर मारा करायचा, आणि मग तिच्यावर पीव्हीडीसी आणि दुसरा ईव्हीए चढवायचा. पीव्हीडीसीला मारा लागतच नाही. तयार फिल्ममध्ये एक ईव्हीए गुंतलेलं आणि दुसरं न गुंतलेलं, ही असमानता हीच तिची ओळख आहे.

लॅबमध्ये काम करणाऱ्यांनी हे नीट बघा. पदार्थ तेच, थरांची संख्या तीच, पण करायचा क्रम बदलला की वस्तूच वेगळी होते. आपण रिपोर्टमध्ये 'पद्धती' हा भाग घाईघाईत उरकतो. कितीदा तरी शोध तिथेच असतो.

मिर्झापूरची भांडी आणि आपला कायदा

भारतात या विषयावरचा पायाभूत निकाल फिल्मचा नाही, तो भांड्यांचा आहे. मिर्झापूरला पितळेची आणि जर्मन सिल्व्हरची भांडी बनवणाऱ्या एका फर्मने १९५० च्या सुमारास लेथवर भांडं घट्ट धरून ठेवायच्या सुधारित पद्धतीवर पेटंट घेतलं होतं. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १३ डिसेंबर १९७८ ला निकाल लागला. लेथचे ते भाग आणि त्यांचं तत्त्व आधीपासून माहीत होतं, म्हणून पेटंट रद्द झालं. न्यायालयाने सांगितलं की जुन्या गोष्टींची जुळणी पेटंटयोग्य होऊ शकते, पण तिच्यातून नवा परिणाम, नवी वस्तू किंवा आधीपेक्षा चांगली वा स्वस्त वस्तू निघायला हवी. आणि त्यात कारागिराच्या नेहमीच्या कौशल्यापलीकडची कल्पकता दिसायला हवी. नुसते घटक गोळा केले म्हणजे शोध होत नाही.

हा निकाल १९११ च्या जुन्या कायद्याखालचा. पण आजच्या १९७० च्या कायद्यातही तीच दृष्टी आहे. कलम ३(ई) म्हणतं, घटकांच्या गुणांची नुसती बेरीज होणारं मिश्रण हा शोध नव्हे. कलम ३(एफ) म्हणतं, आपापलं ओळखीचं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या उपकरणांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी हा शोध नव्हे. ३(एफ) मधला शब्द 'उपकरणं' आहे, फिल्मचे थर नव्हेत. पण विचार आपल्याला थेट लागू पडतो. तुमचा एक थर ऑक्सिजन अडवतोय, दुसरा सील होतोय, तिसरा छपाई धरतोय, आणि कुणाचं कुणाशी काही देणंघेणं नसेल, तर ती चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी मांडणी झाली.

देणंघेणं म्हणजे कसं, त्याचं एक उदाहरण. ईव्हीओएच हा ऑक्सिजनचा फार उत्तम अडसर, पण कोरडा असेपर्यंत. ओल लागली की त्याची अडवायची ताकद घटते. म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी पॉलिथिनमध्ये ठेवतात, पॉलिथिन त्याला ओलीपासून जपतं. हे दोघं एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून मध्ये टाय लेयर लागतो. थर एकमेकांवर अवलंबून आहेत. फक्त आता हे नातं पाठ्यपुस्तकात आलंय, त्यामुळे त्यावर पेटंट मागाल तर उशीर झाला. तुम्हाला असंच नातं शोधायचंय, पण अजून कुणाला न सापडलेलं.

एक शब्द आणि एक आकडा

समजा नातं सापडलं. तरी दोन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं ठिकाण म्हणजे शब्द. अमेरिकेत २०१६ मध्ये मल्टिलेयर स्ट्रेच क्लिंग फिल्म होल्डिंग्ज विरुद्ध बेरी प्लास्टिक्स हा निकाल लागला. फिल्म सात थरांची, मालाच्या ढिगाभोवती ताणून गुंडाळायची. पेटंटच्या दाव्यात, म्हणजे क्लेममध्ये, आतल्या पाच थरांबद्दल लिहिलं होतं की प्रत्येक थर अमुक चार प्रकारच्या पॉलिथिनांच्या गटातून निवडलेला असेल, आणि गट 'फक्त यांचाच' अशा बंद शब्दांत मांडला होता. बेरीच्या फिल्ममधल्या आतल्या थरांत पॉलिथिनांची मिश्रणं होती. न्यायालय म्हणालं, गट बंद आहे, एका थरात एकच प्रकार, मिश्रण यात येत नाही. पेटंटधारक हरला. 'यांचा समावेश असलेला' आणि 'फक्त यांचाच' यात आपण बोलताना फरक करत नाही. क्लेममध्ये तो फरक कोटींचा असतो.

दुसरं ठिकाण म्हणजे आकडा. डाऊ कंपनीने पॉलिथिनच्या मिश्रणातून पातळ पण दमदार फिल्म बनवली आणि नोव्हा केमिकल्सवर खटला भरला. अमेरिकेतल्या क्लेममध्ये 'स्लोप ऑफ स्ट्रेन हार्डनिंग' नावाचा एक गुणांक होता. नमुना ताणत नेला की आलेखाची रेषा शेवटाकडे चढते, त्या चढावरून तो काढायचा. पण चढ नेमका कुठे आणि कसा मोजायचा? पद्धती एकाहून जास्त होत्या, उत्तरं वेगळी येऊ शकत होती, आणि कोणती वापरायची ते पेटंटमध्ये लिहिलं नव्हतं. डाऊ २०१२ मध्ये अपिलात जिंकली होती. पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्लेमच्या स्पष्टतेचा निकष कडक केला, आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तेच क्लेम अस्पष्ट म्हणून अवैध ठरवले.

याच शोधाशी जोडलेलं पेटंट कॅनडात मात्र टिकलं. तिथे नोव्हाला सुमारे ६४ कोटी कॅनेडियन डॉलर द्यावे लागले आणि २०२२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. एकच फिल्म, सीमेच्या एका बाजूला क्लेम अवैध, दुसऱ्या बाजूला ६४ कोटी.

आता चार्चच्या काळची ती व्याख्या आठवा: तापमान, आर्द्रता, क्षेत्रफळ, तास, ग्रॅम. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कागदांमध्ये जे होतं ते इथे राहून गेलं. भारतीय कायद्याच्या कलम १० मध्येही क्लेम स्पष्ट, आटोपशीर आणि दिलेल्या वर्णनावर आधारलेले हवेत, असं म्हटलं आहे. तेव्हा एएसटीएम पद्धतीचा क्रमांक, नमुन्याची जाडी, ताणण्याचा वेग हे सगळं लिहिणं कंटाळवाणं वाटलं तरी लिहा.

मग आता सगळं संपलंय का?

नाही, उलट प्रश्न नव्याने उभा राहिलाय. ज्या थरांनी अन्न टिकवलं त्यांनीच कचरा करून ठेवला. वेगवेगळी प्लास्टिकं घट्ट चिकटवली की ती वेगळी करता येत नाहीत. भारताच्या २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी पुनर्वापर न होणारं बहुथर प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायला सांगितलं होतं. २०१८ च्या दुरुस्तीत ते 'पुनर्वापर होत नाही, ऊर्जाही मिळत नाही, दुसरा उपयोगही नाही' अशा प्लास्टिकपुरतं झालं. कचरा मात्र नाल्यात दिसतोच.

म्हणून आता सगळे थर एकाच जातीच्या प्लास्टिकचे करायचे, असा प्रयत्न चाललाय. आणि इथे सील पुन्हा आडवं येतं. जुन्या जोडीत बाहेर पॉलिएस्टर असायचं, ते सुमारे २५० अंश सेल्सिअसला वितळतं. आतलं पॉलिथिन ११० अंशांच्या आसपास. त्यामुळे गरम जबडा बिनधास्त दाबता यायचा. दोन्ही बाजूंना पॉलिथिनच असेल तर आतलं चिकटेपर्यंत बाहेरचं जबड्याला चिकटायला लागतं. बाहेरचं पॉलिथिन ताणून त्याची उष्णता सहन करायची क्षमता वाढवणं, आतल्याचं सीलचं तापमान खाली आणणं, ऑक्सिजनचा अडसर कमीत कमी जाडीत बसवणं, ही आजची कोडी आहेत. १९२७ च्या मेणासारखीच: घटक ओळखीचे, नातं अनोळखी.

फॉर्म भरायच्या आधी

१. प्रत्येक थर काढून एक नमुना बनवा. पाच थर असतील तर पाच 'अपुऱ्या' फिल्म्स. हा तुलनेचा डेटा नसेल तर तपासनिसाला उत्तर देता येणार नाही.

२. बेरीज आधी कागदावर करा. सुटे थर जे देतात त्यावरून अपेक्षित आकडा काढा, मग प्रत्यक्ष मोजा. फरक अपेक्षेबाहेरचा असेल तिथे थांबून विचार करा.

३. फसलेले प्रयोग वहीत तारखेसह ठेवा. सरळ वाटणारा रस्ता चालत नाही हे दाखवायला तेच उपयोगी पडतात.

४. मोजायची पद्धत आकड्याइतकीच महत्त्वाची समजा.

५. अर्ज दाखल होईपर्यंत पोस्टर, सेमिनार, ब्लॉग, काही नाही. कलम ३१ मध्ये विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधासारख्या मोजक्या बाबींना १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती सरसकट नाही, आणि युरोपात तर अशी सर्वसाधारण सवलतच नाही. आपणच उघड केलेली माहिती आपल्याच अर्जाच्या आड येते. माझ्या फिल्मबद्दल मी गप्प का, ते कळलं ना?

तरी एवढं सांगतो. मी परत लॅबमध्ये गेलो आणि तिसरा थर काढून नमुने बनवले. ऑक्सिजनच्या चाचणीत फरक नाही. सीलच्या ताकदीत फरक नाही. ज्या थरासाठी मी सहा महिने घालवले होते तो काहीच करत नव्हता. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग इतर थर एकेक करून काढत गेलो, आणि त्यातला एक काढल्यावर दमट हवेत सील असं काही वागलं की मी चाचणी तीनदा केली. तो थर मी फक्त चिकटवायला घातला होता.

नवा फॉर्म घेऊन मॅडमकडे गेलो. आता चार थर. त्यांनी आलेख बघितले, बराच वेळ बघितले, आणि म्हणाल्या, "छान. आता दुसरा काढून बघितलास का?"